गृहकर्ज मुदतीआधी फेडावं का? हप्त्यामागचा हिशेब, सोप्या भाषेत

फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो रेट टप्प्याटप्प्याने ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आणला. रेपो रेट म्हणजे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून थोड्या मुदतीसाठी पैसे ज्या दराने मिळतात तो दर. तो उतरला की फ्लोटिंग गृहकर्जांचा, म्हणजे ज्यांचा व्याजदर बाजाराप्रमाणे वर-खाली होतो अशा कर्जांचा दरही उतरतो. तरी अनेकांचा हप्ता जिथल्या तिथेच राहिला आणि ‘मग दर कमी होऊन मला मिळालं काय?’ हा प्रश्न उभा राहिला. त्याच्याच जोडीला दुसरा, नेहमीचा प्रश्न: हातात बोनस आलाय, एखादी एफडी मोडली आहे, तर ते पैसे कर्जात टाकावेत का?

घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, डोक्यावरचं कर्ज आधी उतरव. ऑफिसातले सहकारी म्हणतात, होम लोनइतकं स्वस्त कर्ज दुसरं मिळणार नाही, ते चालू दे आणि पैसे गुंतव. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण हिशेब कुणीच पूर्ण मांडत नाही. तो इथे मांडतो.

हप्त्याच्या पोटात काय असतं

व्याज म्हणजे पैशाचं भाडं. कार्यासाठी मंडपवाल्याकडून दोनशे खुर्च्या आणल्या आणि दुसऱ्या दिवशी पन्नास परत केल्या, तर त्या पन्नासांचं भाडं तिथेच थांबतं. उरलेल्या दीडशेंचं चालू राहतं. गृहकर्जाचं तसंच आहे. बँकेचं जेवढं मुद्दल आज आपल्याकडे आहे, तेवढ्यावरच आजचं व्याज.

आता आकडे घेऊ. कर्ज ४० लाख, दर ८.५ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो सुमारे ३४,७१३ रुपये. पहिल्या महिन्यात ४० लाखांवरचं व्याज होतं २८,३३३ रुपये. म्हणजे हप्त्यातले फक्त ६,३८० रुपये मुद्दलात जातात. पुढच्या महिन्यात मुद्दल किंचित घटलेलं असतं, त्यामुळे व्याज किंचित कमी आणि मुद्दलाचा वाटा किंचित जास्त. हे चक्र सुरुवातीला फार सावकाश फिरतं.

किती सावकाश? पाच वर्षांत तुम्ही एकूण २० लाख ८३ हजार भरता. त्यातलं मुद्दल फिटतं पावणेपाच लाख. स्टेटमेंट उघडून ‘आउटस्टँडिंग’च्या रकान्यात ३५ लाख २५ हजार हा आकडा दिसला की माणूस हादरतो, ते स्वाभाविक आहे. निम्मं कर्ज, म्हणजे २० लाख, फिटायला १३ वर्षं १० महिने लागतात. पूर्ण २० वर्षांत व्याजापोटी जातात ४३ लाख ३१ हजार, मूळ कर्जापेक्षा जास्त.

यावरून एक समज पसरला आहे: ‘बँक आपलं व्याज आधी वसूल करून घेते, मुद्दल मागाहून.’ तसं नसतं. दर महिन्याला बँक फक्त त्या महिन्याचं व्याज घेते. सुरुवातीला मुद्दल मोठं असतं म्हणून व्याज मोठं, एवढंच. हा बारकावा वाटतो, पण पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे.

दोन लाख भरले तर किती वाचतात?

वरच्याच कर्जात एक वर्ष झाल्यावर तुम्ही दोन लाख जास्तीचे भरले आणि हप्ता तोच ठेवला. शेवटचे २६ हप्ते गळून पडतात. भरलेले दोन लाख वजा केले तरी व्याजात वाचतात सुमारे ७ लाख १३ हजार.

हेच दोन लाख पंधरा वर्षं झाल्यावर भरले तर? साडेआठ हप्ते कमी होतात आणि व्याज वाचतं साधारण ९७ हजार.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बहुतेक जण निष्कर्ष काढतात की सुरुवातीला फेडण्यातच फायदा, शेवटच्या वर्षांत काही अर्थ नाही. आणि इथेच गफलत होते. पहिल्या वर्षी भरलेले दोन लाख पुढची अठरा-एकोणीस वर्षं तुमच्यासाठी काम करतात. पंधराव्या वर्षानंतर भरलेले जेमतेम साडेचार-पाच वर्षं. दोन लाख रुपये ८.५ टक्क्यांच्या मासिक चक्रवाढीने १८ वर्षं ठेवले, तर त्यांचे नऊ लाखांच्या वर होतात. आणि गळून पडलेल्या २६ हप्त्यांची बेरीजही नऊ लाखांच्या थोडी वर भरते. जादू काही नाही. दोन्ही वेळा तुमच्या पैशाला मिळालेला दर एकच आहे, ८.५ टक्के. वेळ वेगळा आहे, म्हणून रक्कम वेगळी दिसते.

मुदतीआधी कर्ज फेडणं म्हणजे कर्जाच्या व्याजदराएवढा परतावा देणारी ठेव. या ठेवीला जोखीम नाही, आणि वाचलेलं व्याज हे उत्पन्न नसल्यामुळे त्यावर प्राप्तिकरही नाही. ‘सात लाख वाचतात’ ऐकून हुरळून जाऊ नका आणि ‘आता काय उरलंय, फक्त ९७ हजार’ म्हणून सोडूनही देऊ नका. दर पाहा.

मग तोच पैसा दुसरीकडे का गुंतवू नये?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं येईल. तुलना मात्र कर वजा करून करायची.

एफडीवर ७ टक्के मिळत असतील आणि तुम्ही प्राप्तिकराच्या ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर उपकरासह कर जाऊन हातात ४.८ टक्के उरतात. ८.५ टक्क्यांचं कर्ज चालू ठेवून शेजारी अशी एफडी ठेवणं म्हणजे दरवर्षी फरकाचे पैसे बँकेला देणं. तरीही हे चित्र घरोघरी दिसतं, कारण एफडीचा कागद हातात असतो आणि कर्जाचं व्याज डोळ्यांना दिसत नाही.

पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे, करमुक्त. भविष्य निर्वाह निधीवर २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी ८.२५ टक्के मिळाले. तुमच्या कर्जाचा दर आता साडेसातच्या आसपास उतरला असेल, तर पगारातून पीएफमध्ये स्वेच्छेने जास्त भरणं हे कर्ज फेडण्यापेक्षा सरस ठरू शकतं. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा: वर्षाला अडीच लाखांवरच्या तुमच्या योगदानाच्या व्याजावर कर लागतो, आणि तो पैसा बऱ्यापैकी अडकून पडतो. उलट बाजूने, कर्ज फेडण्यासाठी साठलेला पीएफ काढण्याचा विचार मात्र मला मुळीच पटत नाही. निवृत्तीचा पैसा एकदा हलला की परत उभा राहत नाही.

राहिली शेअर बाजारातली एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम गुंतवणं. दीर्घ मुदतीत ती गृहकर्जाच्या दरापेक्षा जास्त देईल ही शक्यता चांगली आहे, खात्री नाही. शिवाय सव्वा लाखावरच्या दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. ‘बारा टक्के विरुद्ध साडेआठ टक्के’ अशी सरळ वजाबाकी करणारे एका बाजूला आशा आणि दुसऱ्या बाजूला हमी ठेवून तुलना करत असतात. पस्तिशीच्या आतल्या, नोकरी स्थिर असलेल्या माणसाने एसआयपी बंद करून सगळा पैसा कर्जात ओतू नये, असं माझं मत आहे. पन्नाशीला आलेल्या आणि निवृत्तीनंतरही हप्ते चालू राहणार असलेल्या माणसाला मी नेमकं उलट सांगेन.

‘पण कराची सवलत जाईल ना?’

हे कारण सर्वांत जास्त ऐकू येतं आणि आज बहुतेकांना ते लागूच पडत नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली हीच आपोआप लागू होणारी प्रणाली झाली आहे. तिच्यात स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जाच्या व्याजावर वजावट नाही, मुद्दलावरही नाही. म्हणजे नव्या प्रणालीत असाल तर हा मुद्दा तिथेच संपला.

जुन्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट वर्षाला कमाल दोन लाखांपर्यंत मिळते. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षीचं व्याज ३ लाख ३७ हजार आहे. वरच्या १ लाख ३७ हजारांवर कसलीही सवलत नाही. ८.५ टक्के दराने वर्षाचं व्याज दोन लाखांच्या खाली यायला मुद्दल साडेतेवीस लाखांच्या आसपास यावं लागतं. तोवर कितीही फेडा, कराच्या सवलतीला धक्का लागत नाही. पती-पत्नी दोघंही घराचे मालक आणि कर्जदार असतील, तर प्रत्येकाला स्वतंत्र दोन लाख मिळतात. मग हा हिशेब बदलतो.

आणि सवलत मिळते म्हणजे काय? ३० टक्क्यांच्या टप्प्यात बँकेला शंभर रुपये व्याज दिलं तर कराचे ३१ रुपये वाचतात. ६९ रुपये गेलेच. सवलतीमुळे कर्ज स्वस्त पडतं हे खरं, पण सवलतीसाठी कर्ज ठेवणं हा व्यवहार तोट्याचाच.

हप्ता कमी करायचा की मुदत?

जास्तीची रक्कम भरल्यावर बँक विचारते, किंवा विचारायला हवं: हप्ता कमी करू की मुदत?

पहिल्या वर्षानंतरच्या त्याच दोन लाखांवर मुदत कमी केली तर ७ लाख १३ हजार वाचतात, हे वर आलंच आहे. हप्ता कमी केला तर तो १,७७१ रुपयांनी घटून सुमारे ३२,९४२ होतो, आणि व्याजात वाचतात दोन लाखांच्या थोडे वर. फरक मोठा दिसतो. पण तो का पडतो? मुदत कमी करताना तुम्ही ते १,७७१ रुपये दर महिन्याला कर्जातच भरत राहता. हप्ता कमी करताना ते घरखर्चात येतात. तेवढे पैसे शिस्तीने बाजूला काढून कर्जात टाकले, तर दोन्ही पर्याय एकाच जागी पोहोचतात.

अडचण अशी की ते बाजूला निघत नाहीत. दीड-दोन हजार रुपये महिन्याच्या खर्चात कधी विरघळतात ते कळत नाही. म्हणून बहुतेक पगारदारांनी मुदत कमी करावी. ज्यांचं उत्पन्न अनियमित आहे, घरात एकच कमावतं माणूस आहे किंवा नोकरीत धाकधूक आहे, त्यांनी हप्ता कमी करून घ्यावा आणि चांगल्या महिन्यात जास्तीचे पैसे भरावेत. बँकेला ठरलेला हप्ता चुकला तर चालत नाही. जास्तीचं भरणं मात्र आपल्या मर्जीचं असतं.

एकरकमी पैसे नसतील तरी मार्ग आहेत. दरवर्षी एक हप्ता जास्त भरला तर हेच २० वर्षांचं कर्ज १६ वर्षं ८ महिन्यांच्या आसपास संपतं. पगारवाढीबरोबर हप्ताही दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवत नेला, तर साधारण बारा वर्षांत.

दर उतरला तरी हप्ता तोच का?

सुरुवातीचा प्रश्न आता सुटतो. दर बदलला की बँक दोनपैकी एक गोष्ट हलवते, हप्ता किंवा मुदत. तुमचा हप्ता तेवढाच असेल तर मुदत कमी झालेली असणार. स्टेटमेंटमध्ये ‘बॅलन्स टेन्युअर’, म्हणजे उरलेली मुदत पाहा. वरच्या कर्जाचा दर एक वर्षानंतर ८.५ वरून ७.५ टक्के झाला आणि हप्ता तोच राहिला, तर मुदत जवळपास ३२ महिन्यांनी कमी होते. खिशाला झळही न लागता झालेलं हे प्रीपेमेंट, म्हणजे मुदतपूर्व फेड आहे. बँकेने आपणहून हप्ता कमी केला असेल, तर तो पूर्ववत करा असा अर्ज मी तरी दुसऱ्याच दिवशी देईन.

उलट्या दिशेने काय होतं ते मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये दिसलं. रेपो रेट ४ टक्क्यांवरून ६.५० वर गेला. समजा कुणी ४० लाखांचं कर्ज ७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं होतं. हप्ता ३१,०१२ रुपये. दर अडीच टक्क्यांनी वाढून ९.५ झाला, तर पूर्ण ४० लाखांवरचं महिन्याचं व्याजच ३१,६६७ होतं. हप्ता भरूनही मुद्दल घटण्याऐवजी वाढणार! अनेक बँकांनी हप्ता न वाढवता मुदती लांबवल्या आणि लोकांना ते फार उशिरा कळलं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत लांबवायची, दोन्ही थोडं थोडं करायचं की काही रक्कम आधी फेडायची, याचा पर्याय कर्जदाराला दिला पाहिजे. हा तुमचा हक्क आहे, तो मागून घ्या.

आणखी एक. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपो रेटसारख्या बाहेरच्या दराशी जोडली जातात. त्याआधीचं कर्ज जुन्या पद्धतीवरच चालू असेल किंवा ते हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल, तर रेपो उतरूनही तुमचा दर तितका उतरलेला नसेल. अशा वेळी आधी दर बदलून मागा, त्यासाठी थोडी फी पडली तरी. प्रीपेमेंटचा विचार त्यानंतर.

दंड लागतो का?

फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर नाही. बँकांना ही मनाई २०१२ पासून आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांसाठी नियम अधिक स्पष्ट झाले: व्यक्तीने व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेल्या फ्लोटिंग कर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क नाही, रक्कम अंशतः असो वा पूर्ण, पैसे कुठूनही आणलेले असोत. ‘पहिली अमुक वर्षं फेडता येणार नाही’ अशी अटही घालता येत नाही. स्थिर म्हणजे फिक्स्ड दराच्या कर्जावर शुल्क असू शकतं, करारपत्र वाचा.

घाई कधी करू नये

घरात घातलेला पैसा बाहेर काढणं अवघड असतं. नोकरी गेली आणि तीन हप्ते थकले, तर ‘मागच्या वर्षी मी पाच लाख जास्त भरले होते’ हे बँक ऐकून घेत नाही. म्हणून किमान सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते भरतील एवढी रक्कम बचत खात्यात किंवा मोडता येईल अशा एफडीत हवीच. या एफडीवर वर दाखवलेला तोटा होतो. होऊ द्या, ती तुमच्या झोपेची किंमत आहे. आरोग्य विमा आणि टर्म इन्शुरन्स नसेल तर आधी ते. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा पर्सनल लोन असेल तर आधी ते फेडा. कार्डावरचं व्याज वर्षाला ३६ टक्के आणि त्याहूनही वर जातं. ते ठेवून साडेआठ टक्क्यांचं कर्ज फेडणं हा उलटा कारभार.

पैसा अडकण्याची भीती वाटत असेल त्यांच्यासाठी बऱ्याच बँकांकडे ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज असतं. जास्तीचे पैसे कर्जाशी जोडलेल्या खात्यात ठेवायचे. ते तिथे असेपर्यंत तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि गरज पडली तर काढता येतात. दर थोडा जास्त असतो. हाताशी नेहमी मोठी शिल्लक राहत असेल तरच ते परवडतं.

पैसे भरताना

जास्तीची रक्कम नुसती कर्जखात्यात टाकून येऊ नका. काही ठिकाणी ती पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून बाजूला पडून राहते आणि मुद्दल घटतच नाही. ‘ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी’ असं लेखी द्या, ऑनलाइन भरत असाल तर ‘पार्ट पेमेंट’ हाच पर्याय निवडा. आठवड्याने नवं वेळापत्रक काढून दोन गोष्टी ताडून पाहा: शिल्लक मुद्दल तेवढ्या रकमेने उतरलं का आणि शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आली का. बहुतेक बँका रोजच्या शिलकीवर व्याज मोजतात, त्यामुळे पैसे हाताशी आल्यावर हप्त्याच्या तारखेची वाट पाहण्याचं कारण नाही.

कर्ज पूर्ण फिटल्यावर

शेवटची रक्कम भरली की काम संपलं असं समजून लोक निवांत होतात आणि दहा वर्षांनी घर विकताना अडकतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार (१ डिसेंबर २०२३ पासून) पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत घराची मूळ कागदपत्रं परत करून नोंदणीतला बोजा उतरवायचा असतो. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला मिळते. कागदपत्रं गहाळ झाली असतील तर नक्कल प्रती मिळवायला मदत करणं आणि खर्च सोसणं हेही बँकेकडेच.

कर्ज घेताना दिलेल्या कागदपत्रांची यादी जुन्या फाइलमधून शोधून तिच्यावर टिकमार्क करत एकेक कागद ताब्यात घ्या: नोंदणीकृत करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा), बिल्डरशी झालेला आधीचा पत्रव्यवहार, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. हप्त्याची ऑटो-डेबिट सूचना रद्द करा, दिलेले कोरे चेक परत मागा. सोसायटीच्या दप्तरात बँकेचा बोजा नोंदवलेला असेल तर दाखल्याची प्रत देऊन तो काढून घ्या. स्वतंत्र घर किंवा प्लॉट असेल तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात किंवा मालमत्ता पत्रकावर बँकेचं नाव असतं. ते कमी करण्याचा अर्ज तुम्हालाच करावा लागतो. दोनेक महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढा. तिथे कर्जापुढे ‘क्लोज्ड’ असं लिहिलेलं हवं. ‘सेटल्ड’ असेल तर लगेच बँकेला लिहून दुरुस्त करून घ्या, कारण त्याचा अर्थ पूर्ण रक्कम न घेता तडजोड झाली असा होतो आणि पुढचं कर्ज मागताना तो शब्द आडवा येतो.